देवराव भोंगाड्यांच्या डिस्कचं टेंडर

देवराव भोंगाडे माझे शेजारी. आमच्या दोन क्वार्टरांमध्ये एकच भिंत, आणि तीही टाउनशिपची. तिकडे शिंक आली की इकडे मी ‘सत्य’ म्हणतो. त्यामुळे पुढे जे सांगतो त्यातलं अर्धं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि उरलेलं भिंतीनं सांगितलेलं.

या माणसानं भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या खरेदी विभागात चौतीस वर्षं काढली. नट-बोल्टपासून क्रेनच्या दोरापर्यंत काहीही घ्यायचं तर तीन पक्ष बोलवायचे, आधी माल पसंत करायचा, मग भावाचे लिफाफे फोडायचे आणि सगळ्यात स्वस्ताला काम द्यायचं. हे त्यांच्या हाडात इतकं मुरलं की सुपेल्याच्या बाजारात कोथिंबीर घ्यायची तरी तीन गाड्या फिरतात. तिसऱ्या गाडीपाशी निर्णय होईस्तोवर पहिल्या गाडीवरची कोथिंबीर संपलेली असते. कमलिनीवहिनी सगळ्यांसमोर सांगतात, “मले पाहाले आले तवाही आधी दोन पोरी पाहून आले होते. मी सगळ्यात कमी बोलली, म्हणून पास झाली. तेवढी एकच चूक झाली यांची.”

शहाण्णव साली देवराव निवृत्त झाले. घरात कॉम्प्युटर आणला, तोही अर्थात तीन दुकानं पाहून. सेक्टर सातमधला घरगुती कॉम्प्युटर तो पहिलाच. आम्ही सगळे चपला बाहेर काढून पाहायला गेलो होतो. मग आमच्या विदर्भ स्नेह मंडळानं वधू-वरांच्या नोंदीचं काम त्यांच्या गळ्यात घातलं. डोंगरगडपासून रायपूरपर्यंतच्या मराठी घरांतून हातानं लिहिलेले फॉर्म आले, एकूण तीनशे अठरा. त्यांची एकुलती एक लेक शैला नंदिनी नगरच्या शाळेत गणित शिकवते. तिनं बाबांना कॉम्प्युटर शिकवला, आणि देवरावांनी उजव्या हाताच्या एका बोटानं दीड वर्षात तीनशे अठरा घरं त्यात भरली. शेवटचा फॉर्म भरला त्या दिवशी त्यांनी सगळे कागद रद्दीवाल्याला देऊन टाकले. ऑफिसात तसंच होतं ना, रेकॉर्ड मशीनवर चढलं की कागद बाद! त्या आठवड्यात मी चौकात शेंगदाणे घेतले, तर पुडीवर लिहिलं होतं, ‘वर्ण गहू, गृहकृत्यदक्ष, भरतकामाची आवड’. शेंगदाणे खवट निघाले. भरतकामाचं माहीत नाही.

आणि मग अठ्ठ्याण्णव सालची विश्वकर्मा पूजा आली.

भिलाईत सतरा सप्टेंबरला मशीनची पूजा न करणारा माणूस सापडायचा नाही. कारखान्यात भट्टीपासून लेथपर्यंत सगळ्यांना हार पडतात, रस्त्यावर पंक्चरवाला आपल्या पंपाला टिळा लावतो. मग देवरावांच्या कॉम्प्युटरनं काय घोडं मारलं होतं? शैला शाळेत गेलेली. देवरावांनी सोवळं नेसून पेचकस घेतला आणि डब्याचं झाकण उघडलं. कारण पूजा कव्हरची नाही, यंत्राची असते. कॉम्प्युटर चालू ठेवला. कारण, त्यांच्याच शब्दांत, “झोपल्या माणसाले कोणी ओवाळते का?” आतल्या हार्ड डिस्कच्या डबीला गंध लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. इथवर विश्वकर्माही खूश असेल.

नारळ फोडायला मात्र त्यांनी निवृत्तीच्या दिवशी मित्रांनी भेट दिलेला रुळाचा तुकडा घेतला. आमच्याकडे रूळ बनतात, म्हणून भेटही रुळाचीच. वीतभर लांब, पण उचलताना कंबर आठवते. तो ठेवला कॉम्प्युटरच्या टेबलावर, डिस्कच्या अगदी शेजारी. पहिल्या फटक्याला नारळ फुटला नाही. दुसऱ्याला टेबल हललं. तिसऱ्याला “विश्वकर्मा महाराज की जय” म्हणत त्यांनी असा हाणला की भिंतीपलीकडे माझा चहा सांडला. नारळ फुटला. आणि कॉम्प्युटरमधून आवाज आला, ‘टक्... टक्... टक्... खर्र.’

पडदा काळा झाला. देवरावांनी बंद करून चालू केला. पुन्हा टक्-टक्-खर्र. असं अकरा वेळा. संध्याकाळी नंदिनीच्या बसमधून उतरून शैला घरात आली, आवाज ऐकला आणि पर्ससकट धावत जाऊन तिनं प्लग उपटला.

“बाबा, आता बिलकुल चालू नाही करायचं! आतमधी सुईसारखं हेड असते, ते तबकडीवर घासून राहिलं. जितक्या वेळा चालू कराल तितकं खरवडेल.” मग जरा दम घेऊन तिनं विचारलं, “कॉपी काढली होती नं तुम्ही? मी सांगतलं होतं.”

“काढली नं! एक नाही, दोन काढल्या.”

“कुठे आहेत?”

देवरावांनी गंध लावलेल्या डबीकडे बोट दाखवलं. “त्याच्यातच. येगयेगळ्या फोल्डरात.”

शैला मटकन खाली बसली. मी त्या वेळी तिथं होतो. सांडलेल्या चहाची तक्रार घेऊन गेलो होतो, पण ती मांडायची हिंमत झाली नाही.

संकट लहान नव्हतं. एकोणतीस नोव्हेंबरला मंडळाचा मेळावा. दिवाळीनंतर पुस्तिका छापायची. तीनशे अठरा घरची माणसं डोळे लावून बसलेली, कागद शेंगदाण्यांच्या पुड्यांत गेलेले, आणि यादी त्या टकटकणाऱ्या डबीत. डिस्क पुन्हा वाचता आली नाही तर देवरावांना मंडळात उभं राहून सांगावं लागणार होतं की तुमच्या पोरापोरींचं सगळं मी नारळानं फोडलं.

दुसऱ्याच दिवशी देवरावांनी कमिटी नेमली. अध्यक्ष ते स्वतः. सदस्य कमलिनीवहिनी, समोरच्या क्वार्टरचे विजयकुमार आणि मी. शैला तांत्रिक सल्लागार. विजयकुमार कारखान्यात मीटर दुरुस्त करतात, आणि जगातलं कुठलंही यंत्र लाकडी हातोडीनं सुधारतं असा त्यांचा अनुभव. ते हातोडी घेऊनच आले होते.

“अटकलं असेल फक्त. बाजूनं हळूच एक टपली देतो...”

“काका, एका टपलीनंच तर हे झालं,” शैला म्हणाली आणि हातोडी काढून घेऊन तिनं तांदळाच्या कोठीमागे ठेवली.

पहिला पक्ष सुपेल्याचा ओमप्रकाश. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, खुर्ची एक, शेजारी समोशाची कढई. त्यानं डिस्क न घेताच सांगितलं, “काकाजी, टेन्शन कावून घेता? इथंच खोलतो, चकती पुसतो, दुसऱ्या डबीत टाकतो. दो घंटे का काम.” भाव तीनशे रुपये. देवरावांचा चेहरा फुलला.

शैला म्हणाली, “बाबा, ही डबी उघडाले धूळ नसलेली खोली लागते. केसाएवढा कण गेला तरी तबकडी संपली. तो कढईच्या बाजूले खोलून राहिला!”

“पण सगळ्यात स्वस्त आहे,” देवराव म्हणाले, इतक्या गंभीरपणे की मला हसू दाबायला मिशी चावावी लागली.

दुसरा पक्ष रायपूरचा. माझ्या घरी फोन आहे, पण त्यावर बाहेरगावचा येतो, लावता येत नाही, म्हणून आम्ही कमिटीसकट चौकातल्या एस.टी.डी. बूथवर गेलो. बूथ एका माणसाचं. आत चौघं शिरलो. पलीकडचा माणूस म्हणाला, “सौ परसेंट गॅरंटी, अंकल. पूरा पैसा पहले.”

वहिनींनी रिसीव्हर हिसकला. “भाऊ, डिस्क पाहिली का तुमी?”

“नहीं मैडम, पर हो जाएगा।”

“कोणतं बिघडलं ते माहीत आहे का?”

“कुछ भी हो, हो जाएगा।”

वहिनींनी फोन ठेवला. “नाडी न पाहता बरं होते म्हणणारा डॉक्टर नसते, अंगारेवाला असते. बाद करा.”

देवरावांनी वहीत लिहिलं, ‘पक्ष क्र. २, विचाराधीन.’ वहिनींनी पेन घेऊन ते खोडलं.

खरी गंमत पुढे आहे. देवराव सुपेल्याचं नाव सोडेनात आणि ओमप्रकाशकडे डिस्क नेईनातही. रोज सकाळी पिशवीत घालत, फाटकापर्यंत जात आणि परत येत. अखेर वहिनींनी चहाचा कप समोरून उचलून घेतला. “काय लपवून राहिले तुमी? त्या डबीत असं काय आहे?”

कप परत मिळायला तीन मिनिटं लागली. तेवढ्यात देवरावांनी सगळं कबूल केलं: डबीत दोन फायली होत्या. एक ‘नावे’, त्यात मंडळाला दाखवायची माहिती. दुसरी ‘भाजी’. कोणाला शंका येऊ नये म्हणून तसं नाव. तिच्यात प्रत्येक क्रमांकापुढे देवरावांचा खासगी शेरा. खरेदी विभागात प्रत्येक मालावर गुप्त शेरा लिहायची सवय. हात कसा राहील? ‘मुलगा बरा, आई घर चालवते, बापालेही चालवते, मुलगा फक्त चालते.’ असले तीनशे अठरा!

मला तर हसण्याच्या उकळ्या फुटल्या. विजयकुमार खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. वहिनींनी मात्र कपाळाला हात लावला. “आणि हे तुमी ओमप्रकाशकडे देऊन राहिले होते? त्याची माय ठकूबाई आहे!”

ठकूबाईंना आमच्या भागात सगळे मानतात. एखादी बातमी सेक्टर सातमधून निघून सेक्टर दहाला बसनं पोचते त्याआधी ती ठकूबाईंकडून पोचलेली असते. या क्षेत्रात मला एकच प्रतिस्पर्धी आहे, ती हीच बाई.

“पण ओमप्रकाश सांगणार नाही,” देवराव म्हणाले. “धंद्याचं इमान असते.”

“मग माल तपासून घ्या नं,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्या ऑफिसात नमुना मागवत होते का नाही?”

त्यांनी शैलाला सांगून तिच्या शाळेतल्या कॉम्प्युटरवरून एका फ्लॉपीवर एक खोटं पत्र टाइप करून घेतलं. कोणाच्या नावानं? माझ्या. मजकूर असा की मारोतराव लवकर निवृत्ती घेऊन उतईला कोंबड्या पाळणार आहेत, आणि ही गोष्ट कृपया गुप्त ठेवावी. फ्लॉपी ओमप्रकाशला दिली: अडकते आहे, उघडते का पाहा, आतलं वाचू नकोस बाप्पा.

मंगळवारी दुपारी फ्लॉपी दिली. बुधवारी सकाळी दुधाच्या रांगेत एका गृहस्थांनी मला विचारलं, “डझनाचा भाव काय ठेवणार?” गुरुवारी माझ्या फोरमननं खांद्यावर हात ठेवला. “यार, एवढ्यात हिंमत हारू नको.” शुक्रवारी माझी बायको रत्नमाला डोळ्याला पदर लावून बसली होती. “मी उतईले नाही येणार. मले कोंबड्यांचा वास सहन होत नाही. मले सांगावंही नाही वाटलं का तुमाले?” तिची समजूत काढायला मला शनिवार-रविवार लागले. नमुना नापास झाला, पण तपासणीचा खर्च माझ्या अंगावर पडला तो पडलाच.

तिसरा पक्ष पुण्याचा. क्लबच्या वाचनालयात एका इंग्रजी मासिकात शैलाला त्यांची लहानशी जाहिरात सापडली होती. पुन्हा बूथ. पलीकडे एक मुलगी, बोलणं स्वच्छ आणि थंड, माठातल्या पाण्यासारखं.

“डिस्क चालू करून पाहिलीत का?”

“थोडंसं,” देवराव म्हणाले.

“म्हणजे किती वेळा?”

“अकरा.”

पलीकडे तिनं आकडा लिहून घेतला असावा. इकडे मीटरचे आकडे पळत होते.

“बरं. आघात कशाचा झाला?”

“नारळाचा.”

“क्षमा करा, नारळ म्हणालात का?”

“हो जी. पूजेचा होता.”

मुलगी खोकली. खोकली असंच मी धरून चालतो. मग तिनं सांगितलं की पाहिल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही. डिस्क त्या बंद, धूळविरहित खोलीतच उघडतील. काय सापडलं त्या फायलींची यादी आधी कळवतील, ती पाहून हवं तर पुढे जायचं, नको तर फक्त तपासणीचे पैसे. फाइल उघडते की नाही एवढंच बघतात, मजकूर वाचत नाहीत. आणि तसं सही करून पाठवतात.

वहिनींनी फोन घेतला. “बाई, तुमच्यानं नाही झालं तर?”

“तर नाही झालं असं सांगू, काकू. तसं बऱ्याचदा होतं.”

वहिनींनी आमच्याकडे वळून मान हलवली. पसंत मुलगी पाहून आल्यासारखी.

मग भाव कळला. ओमप्रकाशच्या कितीतरी पट. देवराव बूथमधून बाहेर आले ते घाम पुसतच. “चौतीस वर्षांत सगळ्यात महागाले काम दिलं नाही मी. वर काय तोंड दाखवू?”

“वर म्हणजे कुठे?” विजयकुमारांनी विचारलं.

“ऑडिटले!”

निवृत्त होऊन दोन वर्षं झालेल्या माणसाला ऑडिटची भीती! वहिनींनी त्यांना कट्ट्यावर बसवलं. “हे पाहा. आधी माल पसंत करायचा, मग भाव फोडायचा, होय का नाही? सुपेला मालात नापास. रायपूर मालात नापास. आता किती उरले?”

“एक.”

“मग उरलेल्यात सगळ्यात स्वस्त कोण?”

देवरावांनी बोटांवर मोजून पाहिलं. मग वही उघडली आणि लिहिलं, ‘पक्ष क्र. ३, पात्र पक्षांमध्ये किमान दर, मंजूर.’ लग्नानंतर बत्तीस वर्षांनी त्यांना कळलं की खरेदी विभागाची खरी जाणकार घरात स्वयंपाक करत होती.

डिस्क शैलानं बांधली. पुण्याच्या मुलीनं सांगितलं तसं, वीज न धरणारी पिशवी, चारी बाजूंनी दोन बोटं फोम, डब्यात डबा. देवरावांना वरून गंध पुसायचा होता, शैलानं हातही लावू दिला नाही. दुर्गहून कुरिअर गेलं आणि आम्ही सगळे अठरा दिवस माझ्या फोनभोवती घुटमळलो. रत्नमाला म्हणे, “पोरगी बाळंतपणाले आल्यासारखं करून राहिले सगळे.”

एकोणिसाव्या दिवशी फोन वाजला. तीच मुलगी.

“काका, ‘नावे’ ही फाइल आणि तिच्या दोन्ही कॉपी ज्या भागात होत्या तिथंच तबकडी खरवडली आहे. तिच्यातलं काही वाचता येत नाही. दुसरी एक फाइल संपूर्ण मिळाली. ‘भाजी’. फक्त भाजी हवी आहे का?”

देवरावांनी रिसीव्हर कानापासून दूर धरला, जसा कोणी तापलेला तवा धरतो. नावं गेली, गाव गेलं, जन्मतारखा गेल्या. राहिले ते फक्त क्रमांक आणि त्यांचे आगाऊ शेरे.

वहिनी म्हणाल्या, “मागवा.”

“काय उपयोग? नाव नाही, गाव नाही!”

“मागवा म्हणते नं.”

सीडी आली, सोबत सही केलेला कागदही. शैलाच्या शाळेत सतरा पानं छापली गेली, आणि वहिनींनी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

“क्रमांक एक. ‘बाप वांगी मागून नेते, परत बोलावत नाही. मुलगी मात्र सोन्यासारखी.’”

“उतईचे कृष्णराव!” मी आणि वहिनी एका दमात ओरडलो.

“क्रमांक दोन. ‘मुलगा हुशार, पण मावशीशिवाय पाणी पीत नाही.’”

“कुम्हारीची सत्यभामामावशी,” मी म्हणालो. “पोराचं नाव प्रफुल्ल. बी. कॉम., दुसऱ्यांदा.”

देवराव लिहू लागले. नाव कळलं की घर कळे, घर कळलं की पत्ता, आणि पत्त्यावर एक कार्ड टाकलं की नवा फॉर्म येई. चार दुपारी आम्ही बसलो. आयुष्यभर लोकांनी मला चोंबडा म्हटलं. त्या चार दुपारी मी पुण्याच्या खोलीत न सापडलेलं सगळं तोंडानं काढून दिलं. जिथं मी अडलो तिथं वहिनी, आणि दोघंही अडलो तेव्हा, नाइलाजानं, मान खाली घालून मी ठकूबाईंना बोलावून आणलं. शेरे कोणी लिहिले हे मात्र त्यांना सांगितलं नाही. त्यांनी एका बैठकीत एकेचाळीस घरं ओळखली, एका चहावर. मी त्यांना नमस्कार केला.

चौथ्या दुपारी ठकूबाई गेल्यावर तीनशे सतरा झाले. एकच राहिला.

“क्रमांक शहाण्णव,” वहिनींनी वाचलं. “‘उत्तम. पुस्तिकेत घालायचा नाही. कोणाले दाखवायचा नाही.’” चष्म्यावरून त्यांनी पाहिलं. “हा कोण?”

मी डोकं खाजवलं. उत्तम असा माणूस आमच्या मंडळात मला तरी कोणी माहीत नव्हता.

देवराव वहीत पाहत होते. कान लाल.

“अहो, कोण?”

“कवडू चौधरींचा मुलगा,” देवराव पुटपुटले. “राजनांदगावचा. शरद. जन्म एकोणीसशे एकाहत्तर, बारा मे. विद्युत अभियंता. नंदिनीच्या खाणीत लागला. धाकटी बहीण, तिचं झालं. आई शांत. स्वभाव...”

अख्खी यादी गेली तेव्हा ज्यांना स्वतःच्या मेव्हण्याचा पत्ता आठवला नव्हता, ते देवराव न अडखळता बोलत होते.

“दीड वर्षं दाबून ठेवला?” वहिनी म्हणाल्या. “लोकाइच्या पोरीइपासून लपवला! आणि आपल्या शैलासाठी विचारलं एकदा तरी?”

“हिंमत नाही झाली.” त्यांचा आवाज एवढासा झाला होता. “एकच पक्ष होता. एकाच पक्षावर निर्णय कसा घ्यायचा?”

वहिनींनी चष्मा काढून सतरा पानांवर ठेवला.

“उंची पाच फूट आठ इंच,” देवरावांनी उगाच पूर्ण केलं, नोंद अर्धी राहू नये म्हणून.

आतल्या खोलीत शैला वह्या तपासत होती. तिथूनच, मान वर न करता, ती म्हणाली,

“पाच-सात, बाबा. बूट काढल्यावर पाच-सात.”

पेन खाली पडलं. देवरावांचं की विजयकुमारांचं, ते कोणी पाहिलं नाही. वहिनी हळूच उठल्या, आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या, तिथून परत आल्या, आणि मला म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या घरी दूध उतू जाऊन राहिलं.”

दूध काही उतू जात नव्हतं. मी घरी आलो, खुर्ची भिंतीला लावली, आणि रत्नमालेला हातानं खूण केली की पंखा बंद कर.